पाती तीन, अर्थ किती?

मराठी माणसाला पेटंट म्हणजे काय हे हळदीने शिकवलं. अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला १९९५ साली जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट मिळालं, डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने त्याला आव्हान दिलं आणि १९९७ साली ते रद्द झालं. माझ्या पिढीतल्या बहुतेकांनी ही गोष्ट वक्तृत्व स्पर्धेत ऐकली आहे, काहींनी स्वतः ठोकलीही आहे. गोष्ट खरी आहे आणि चांगली आहे. तिच्यात चोर असतो, मालक असतो, न्याय असतो. पेटंट मात्र नसतं. म्हणजे तो कागद, ज्यासाठी कुणीतरी बसून वाक्यं रचली, शब्द निवडले, काही शब्द मुद्दाम टाळले, तो आपण कधी उघडूनच बघितलेला नसतो.

हा लेख तशा एका कागदाबद्दल आहे. पेटंट हा गद्याचा एक प्रकार आहे. त्याला व्याकरण आहे, शैली आहे, आणि त्यातून बाहेर ठेवलेली माणसंही आहेत. कादंबरीला जे प्रश्न आपण विचारतो ते त्यालाही विचारता येतात: कोण बोलतंय, कुणाशी बोलतंय, काय गृहीत धरतंय, कुणाला पानावर जागाच नाही? हे प्रश्न विचारायला मी रॉकेट किंवा कॅन्सरची औषधं घेतलेली नाहीत. बाथरूममधली फळी घेतली आहे. टूथपेस्टची ट्यूब, हँडवॉशचा पंप, टॉयलेट क्लीनरच्या बाटलीची वाकडी मान, दाढीचं रेझर. या साध्यासुध्या वस्तूंच्या मागे पेटंटांचे गठ्ठे असतात, आणि या वस्तू आपण रोज हातात घेतो, त्यामुळे मजकूर आणि वस्तू यांच्यातलं अंतर मोजायला प्रयोगशाळा लागत नाही.

पेटंट वाचायची सवय मला नोकरीने लावली. मी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्याकडे दर तिमाहीला एक मेल येतो, काही नवं सुचलं असेल तर कळवा म्हणून, आणि सोबत एक फॉर्म. समस्या काय? आजवरचे उपाय कुठे कमी पडतात? तुमच्या उपायात नवं काय? भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ३(के)नुसार नुसत्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमला पेटंट मिळत नाही, त्यामुळे आमचे बहुतेक अर्ज अमेरिकेत जातात. फॉर्म भरायचा तर आधी इतरांची पेटंटं वाचावी लागतात. सॉफ्टवेअरची पेटंटं वाचून डोकं दुखायला लागलं की मी रेझरची वाचतो. तिथलं गद्य बरंच चांगलं आहे.

एका वाक्याचं कुंपण

पेटंटचे ढोबळ तीन भाग असतात: आकृत्या, वर्णन आणि दावे. वर्णन ऐसपैस असतं. त्यात जुन्या वस्तूंच्या तक्रारी येतात, नव्या वस्तूची बांधणी येते, 'असंही करता येईल, तसंही करता येईल' अशा फांद्या फुटतात. दावा हे कुंपण. माझी जमीन इथून इथपर्यंत, आत पाऊल टाकाल तर कोर्टात भेटू. अमेरिकन पद्धतीत प्रत्येक दावा एकाच वाक्यात लिहावा लागतो, मग ते वाक्य पानभर लांबलं तरी चालतं.

या वाक्याचा हिशेब ललित लेखनाच्या उलटा आहे. गोष्टीत तपशील वाढवला की चित्र भरत जातं. दाव्यात तपशील वाढवला की जमीन आक्रसते. 'लाल खुर्ची' असा दावा केलात तर निळी खुर्ची शेजाऱ्याला मोकळी. कोड लिहिणाऱ्यांना हे लगेच कळेल. क्वेरीत एक अट वाढवली की सापडणाऱ्या नोंदी कमी होतात. म्हणून दावा लिहिणारा कमीत कमी शब्दांत जास्तीत जास्त जग पकडू बघतो, आणि तरीही 'हे तर आधीपासून होतं की' असं कुणाला म्हणता येणार नाही इतका नेमका राहायची धडपड करतो.

या कसोटीवर मला सगळ्यात आवडलेलं वाक्य १९०४ सालचं आहे. अमेरिकन पेटंट क्रमांक ७,७५,१३४, तारीख १५ नोव्हेंबर १९०४, संशोधक किंग कँप जिलेट. त्यातला पहिला दावा मराठीत साधारण असा होईल: एक नवी उत्पादित वस्तू म्हणून, रेझरचं सुटं करता येणारं पातं, जे इतकं पातळ आणि लवचीक आहे की त्याच्या धारेला ताठपणा येण्यासाठी बाहेरच्या आधाराची गरज लागते.

हे वाक्य दोनदा वाचा. जुन्या वस्तऱ्याचं कौतुक व्हायचं ते त्याच्या जाड पाठीचं, तोलाचं, बापाकडून मुलाकडे जाण्याइतक्या टिकाऊपणाचं. जिलेट आपल्या पात्याची ओळख त्याच्या दुबळेपणावरून करून देतो. धारदार, मजबूत, टिकाऊ यांतला एकही शब्द या दाव्यात नाही. पातं स्वतःच्या बळावर ताठ राहू शकत नाही, हाच त्याचा नवेपणा आणि हीच त्याची मालमत्ता. एकदा ही व्याख्या मान्य झाली की त्याला धरणारं हँडल आपोआप गरजेचं होतं. नंतरच्या शंभर वर्षांचा धंदा त्या एका 'बाहेरच्या आधारा'त बसलेला आहे.

वर्णनाचा भागही वाचण्यासारखा आहे. वस्तऱ्याला धार लावायची आणि चामड्याच्या पट्ट्यावर तो परजायची कटकट व तिचा खर्च संपवणं, हे जिलेट आपलं मुख्य उद्दिष्ट सांगतो. पातं सुमारे ०.००६ इंच जाडीचं, पोलाद लागतं अगदी थोडं, त्यामुळे ते स्वस्तात बनतं. मग येतो माझ्या मते या कागदातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा: गिऱ्हाईक ही पाती एकदम बरीचशी विकत घेऊन बोथट झाली की फेकून देऊ शकेल, आणि तरीही जुन्या पात्याला धार लावत बसण्यापेक्षा त्याला ते महाग पडणार नाही. कायदेशीर कागदात 'फेकून देणं' हे क्रियापद सोय म्हणून येतं. कुठे फेकणं, कुणाच्या हद्दीत, याबद्दल एक अक्षर नाही. या क्रियापदाकडे आपण शेवटी परत येऊ.

अजून एक गोष्ट या मजकुरात दिसत नाही. कल्पना सुचली १८९५ साली, पण पुढची काही वर्षं ती नुसती कल्पनाच राहिली, कारण इतकं पातळ पोलाद कडक करून त्याला धार कशी लावायची हे कुणालाच जमत नव्हतं. एमआयटीतल्या जाणकारांनीही नकारच दिला होता. ते जमवलं विल्यम निकरसन या एमआयटीत शिकलेल्या माणसाने. पातं कडक करण्याची आणि धार लावण्याची यंत्रं त्याने बनवली. आपलं तांत्रिक शिक्षण झालं असतं तर आपण नाद सोडून दिला असता, असं पुढे जिलेटच म्हणाला. कंपनीला नाव द्यायची वेळ आली तेव्हा निकरसनचं नाव मागे पडलं, कारण इंग्रजीत 'निक' म्हणजे कापल्याची बारीक खूण, आणि त्या नावाचं रेझर कोण घेणार, असं सांगितलं जातं. यंत्रांची पेटंटं निकरसनच्या नावावर आहेत. पण जगाने पाहिला तो चेहरा जिलेटचा, कारण ब्लेडच्या वेष्टनावर त्याचा फोटो छापलेला असायचा.

एक माणूस, दोन मजकूर

या माणसाने पेटंटच्या आधी एक पुस्तक लिहिलं होतं. रेझरची कल्पना सुचण्याच्या आदल्या वर्षी, १८९४ साली, आलेल्या त्या पुस्तकाचं नाव 'द ह्युमन ड्रिफ्ट'. स्पर्धा हे समाजाच्या दुखण्याचं मूळ आहे, असं त्यात तो ठासून सांगतो. एकच माल विकायला असंख्य दुकानं, जाहिराती, दलाल. त्यात माणसांचे कष्ट वाया जातात. उपाय काय, तर सगळं उत्पादन लोकांच्या मालकीच्या एकाच 'युनायटेड कंपनी'कडे द्यायचं, आणि नायगारा धबधब्याच्या शक्तीवर चालणारं 'मेट्रोपोलिस' नावाचं एकच प्रचंड शहर उभारायचं. कोट्यवधी माणसं, एकसारख्या उंच इमारती, जेवायला सामायिक भोजनगृहं.

दहा वर्षांनी याच माणसाने सरकारकडून सतरा वर्षांचा असा हक्क मिळवला की तसलं पातं दुसऱ्या कुणी बनवायचं नाही. यावर आजचा मीम तयारच आहे: समाजवादी लेखक, मक्तेदार उद्योगपती. मला हे वाचन आळशी वाटतं. दोन्ही मजकूर शेजारी ठेवले तर आवाज एकच ऐकू येतो. दोन्हींत रोज नव्याने करावं लागणारं एक कंटाळवाणं काम आहे. एकीकडे धार लावणं, दुसरीकडे रांधणं आणि दुकानदारी. दोन्हींत इलाजही एकच आहे: देखभालीचं काम माणसाच्या हातून काढून घ्या, यंत्रणेकडे सोपवा, आणि जग एकसारख्या, अदलाबदल करता येणाऱ्या भागांनी बांधा. मेट्रोपोलिसचा रहिवासी आणि रेझरचं पातं यांची घडण मिळतीजुळती आहे. दोघंही एकमेकांसारखे, दोघांनाही बाहेरचा आधार लागतो. स्पर्धा नको, हेही दोन्हीकडे आहेच. फरक एका शब्दाचा पडतो. पुस्तकातली कंपनी सर्वांची होती. पेटंटमध्ये येता येता 'सर्वांची' गळलं.

जिलेटला हे खुपत असावं असं मला वाटतं, कारण तो पुन्हा पुन्हा पुस्तकाकडे वळला. १९१० साली त्याने 'वर्ल्ड कॉर्पोरेशन'ची योजना मांडली आणि तिचं अध्यक्षपद घ्यावं म्हणून थिओडोर रूझवेल्टला दहा लाख डॉलर देऊ केले. रूझवेल्टने नकार दिला. १९२४ साली अप्टन सिंक्लेअरच्या मदतीने 'द पीपल्स कॉर्पोरेशन' आलं. समीक्षक म्हणून बोलायचं तर पुस्तकं ठीकठाक आहेत, पल्लेदार आणि थोडी दमवणारी. पेटंट त्यांच्यापेक्षा फार चांगलं लिहिलेलं आहे. त्यात एक शब्द जास्त नाही. दुर्दैव असं की माणसाची उत्तम शैली त्याच्या उत्तम विचाराच्या वाट्याला आली नाही.

इथेच एक लोकप्रिय गैरसमज बाजूला करायला हवा. स्टार्टअपच्या दर दुसऱ्या भाषणात सांगतात: हँडल फुकटात द्या, ब्लेडवर कमवा, जिलेटने हेच केलं. शिकागो विद्यापीठातले कायद्याचे प्राध्यापक रँडल पिकर यांनी २०१० सालच्या एका निबंधात ही गोष्ट तपासली. पेटंट चालू होतं तोवर, म्हणजे १९०४ ते १९२१, जिलेटचा रेझर संच पाच डॉलरला विकला जात होता, आणि ती त्या काळी भारी किंमत होती. हँडल स्वस्त झालं ते पेटंट संपायच्या सुमाराला, जेव्हा इतरांना तसलंच हँडल आणि तसलंच ब्लेड बनवायची मोकळीक मिळणार होती. म्हणजे ज्या काळात कुंपण पक्कं होतं त्या काळात फुकट काहीच नव्हतं. प्रिंटरच्या शाईपासून सबस्क्रिप्शनपर्यंत ज्या डावपेचाला आपण 'रेझर आणि ब्लेड' म्हणतो, त्याचं मूळ ज्या रेझरमध्ये सांगितलं जातं तिथे ते नीट बसत नाही.

तीन म्हणजे चार होऊ शकतात का?

आता जवळजवळ शंभर वर्षं पुढे येऊ. १९९८ साली तीन पात्यांचं मॅक थ्री बाजारात आलं, आणि त्यामागे पस्तीसहून जास्त पेटंटं असल्याचं सांगितलं गेलं. २००३ साली शिकने चार पात्यांचं क्वात्रो आणलं. जिलेटने शिकच्या मालक कंपनीवर, एनर्जायझरवर, दावा ठोकला. वाद पोलादाचा नव्हता, गिऱ्हाइकाच्या गालाचा तर मुळीच नव्हता. वाद वाचनाचा होता.

पेटंटमधल्या दाव्यात रेझरच्या डोक्याचं वर्णन असं होतं की त्यात एक गार्ड, एक कॅप आणि पहिलं, दुसरं व तिसरं अशा पात्यांचा गट समाविष्ट आहे. पहिलं पातं किंचित आत, दुसरं पातळीत, तिसरं किंचित बाहेर, अशी चढती रचना. प्रश्न असा की चार पात्यांचं रेझर या वाक्यात बसतं का? कनिष्ठ न्यायालयाला वाटलं, नाही; पहिलं, दुसरं, तिसरं म्हणजे तीन. एप्रिल २००५ मध्ये फेडरल सर्किट न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी हे वाचन अमान्य केलं आणि प्रकरण परत पाठवलं. बहुमताचा भर एका क्रियापदावर होता. 'समाविष्ट आहे' या अर्थाचा इंग्रजी शब्द पेटंटच्या भाषेत उघडा मानला जातो: ही तीन हवीतच, त्यांच्यावर आणखी काही असलं तरी हरकत नाही. 'फक्त यांचंच बनलेलं' असा बंद शब्द लिहिणाऱ्याला उपलब्ध होता आणि त्याने तो वापरला नव्हता. प्रोग्रॅमरच्या भाषेत, अट 'बरोबर तीन' अशी नसून 'किमान तीन' अशी होती. विरोधी मत देणाऱ्या न्यायाधीशांचं म्हणणं असं की हे सगळं पेटंट तीन पात्यांबद्दलच बोलतं, मग त्यात चौथं कुठून आणायचं?

यात नाट्य अजून पुढे आहे. जवळपास तसंच वाक्य युरोपच्या पेटंट कार्यालयासमोर आलं होतं, तेव्हा ते मोडून काढायच्या प्रयत्नात एनर्जायझरने स्वतःच सांगितलं होतं की हा दावा तीन पात्यांपुरता मर्यादित नाही. तिकडे दावा फार पसरट आहे हे दाखवायचं होतं, इकडे तो अरुंद आहे हे दाखवायचं होतं. अमेरिकन न्यायालयाने हे नेमकं हेरलं. एकाच वाचकाने एकाच वाक्याचे दोन किनाऱ्यांवर दोन अर्थ लावले, आणि दोन्ही वेळा अर्थ ठरवला तो गरजेने. साहित्यात आपण याला अर्थाची अनेकता म्हणतो आणि परिसंवाद घेतो. इथे तिची किंमत कोट्यवधी डॉलर होती.

मला बहुमताचं वाचन व्याकरणाला धरून बरोबर वाटतं. तरी एक अस्वस्थता उरते. १९७५ साली 'सॅटर्डे नाइट लाइव्ह'च्या पहिल्याच भागात तीन पात्यांच्या रेझरची खोटी जाहिरात होती. त्या काळी दोन पाती हीच नवलाई होती, त्यामुळे तीन हा विनोद होता. २००४ साली 'द अनियन' या विनोदी वृत्तपत्राने कंपनीप्रमुखाच्या तोंडी एक त्राग्याचा लेख घातला, की आता थेट पाच पाती. २००६ साली जिलेटचं पाच पात्यांचं फ्युजन बाजारात आलं. पेटंट कायद्याची एक अट अशी की शोध त्या क्षेत्रातल्या सर्वसाधारण जाणकाराला उघड दिसणारा नसावा. विनोद लिहिणारे जाणकार नव्हते, तरी त्यांना पुढचा आकडा दिसला.

यावर इंजिनिअरांची बाजू आहे आणि ती मला पटते. पात्यांची संख्या कुणीही बोलून दाखवेल. ती गालाला न ओरबाडता एकामागून एक चालवणं, दोन पात्यांमधून केस आणि फेस वाहून जाणं, हे खरं काम आहे आणि ते अवघड आहे. पण मग या गद्याचा दोष अधिकच ठळक होतो. त्यात 'नवं' आणि 'हवं' यांच्यात फरक करायला शब्दच नाही. आधीच्यापेक्षा एक जास्त, हे वाक्य या भाषेत नेहमीच बरोबर ठरू शकतं. कादंबरीकाराने प्रत्येक पुस्तकात फक्त एक पात्र वाढवावं आणि आपण त्याला प्रगती म्हणावं, तसं हे आहे.

तांब्याभर पाणी आणि अर्धं ब्लेड

पेटंटमध्ये वारंवार येणारं एक पात्र म्हणजे 'वापरकर्ता'. त्याला चेहरा नसतो, घर नसतं, पण सवयी असतात. तो हँडल धरतो, दाब देतो, बटण सरकवतो, पातं धुतो. कशात धुतो?

२००२ साली जिलेटने भारतासाठी व्हेक्टर नावाचं रेझर आणलं. अडकलेले केस ढकलून काढायला त्यात एक सरकती पट्टी होती. बाजारात आणण्याआधी ते एमआयटीत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांना देऊन तपासलं होतं आणि त्यांना ते आवडलं होतं. भारतात आल्यावर पट्टी अडकायला लागली, कारण इथले असंख्य पुरुष नळाच्या वाहत्या पाण्याखाली नव्हे तर एका भांड्यातल्या पाण्यात रेझर बुडवून दाढी करतात. विद्यार्थी भारतीय होते, पाणी अमेरिकन होतं. नंतर कंपनीची माणसं इथल्या घरांत बसून दाढ्या बघत राहिली आणि २०१० साली एका पात्याचं गार्ड आलं, पंधरा रुपयांना रेझर आणि पाच रुपयांना पातं. तीनपासून पाचापर्यंत गेलेली गोष्ट इथे येऊन परत एकावर आली. वस्तू सुधारली, कारण मजकुरातल्या वापरकर्त्याच्या हातात कुणीतरी तांब्याभर पाणी दिलं.

दुसरं उदाहरण तुम्हाला कुठल्याही साध्या सलूनमध्ये दिसेल. सलूनवाले काका दुधारी ब्लेड कागदात असतानाच मधोमध वाकवतात, कट्ट करून त्याचे दोन तुकडे करतात, एक अर्धुक वस्तऱ्यासारख्या दिसणाऱ्या दांड्यात सरकवतात आणि दाढी सुरू. एड्सच्या जनजागृतीनंतर दर गिऱ्हाइकाला नवीन ब्लेड ही अपेक्षा रुळली आणि ही पद्धत पक्की झाली. आता जिलेटचा पहिला दावा आठवा: इतकं पातळ आणि लवचीक पातं की त्याला बाहेरचा आधार लागतो. पातळ आहे म्हणून ते हाताने मोडतं. आधार लागतो म्हणून काकांचा दांडा. माणसाला स्वतःची दाढी स्वतः करता यावी यासाठी जन्मलेली वस्तू इथे न्हाव्याच्याच हातात गेली, एकाची दोन झाली, आणि वस्तऱ्याचा आकारही टिकून राहिला. १९०४ सालच्या त्या वाक्याचं याहून हुशार वाचन मी कुठे पाहिलेलं नाही. या वाचनाला पेटंट नाही, त्यावर कुणाचं नाव नाही.

फेकून देणं या क्रियापदाबद्दल

'बोथट झालं की फेकून द्या' याचं अमेरिकेने शोधलेलं उत्तर मला कधीच विसरता येत नाही. विसाव्या शतकाच्या मधल्या काळातल्या तिथल्या अनेक घरांत, बाथरूमच्या आरशामागच्या कपाटात एक बारीक फट असायची. वापरलेलं ब्लेड त्या फटीत सोडायचं. ते भिंतीच्या पोकळीत पडायचं आणि तिथेच राहायचं. आज जुनी घरं पाडताना किंवा दुरुस्त करताना भिंतीतून गंजलेल्या ब्लेडांचा ढीग बाहेर येतो. पेटंटमध्ये वाक्य संपतं तिथे वस्तू संपत नाही, हे त्या भिंतींइतकं स्पष्ट कुणी सांगितलेलं नाही.

आपल्याकडे भिंतीत फट नाही. आपल्याकडे माणसं आहेत. फेकलेली प्रत्येक वस्तू कुणाच्यातरी हातून जाते आणि वेगळी होते. ब्लेड कागदात न गुंडाळता टाकलं तर कुणाचं बोट कापतं, याचा विचार १९०४ सालच्या हिशेबात नव्हता आणि आजच्या दाव्यांच्या भाषेतही तो बसत नाही. पण ज्यांना मजकुरात जागा नाही ती माणसं कधीकधी मजकुराला उत्तर देतात. पुण्यातल्या कचरावेचकांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' १९९३ सालची, तिच्यातून उभी राहिलेली 'स्वच्छ' ही सहकारी संस्था नंतरची. २०१३ साली त्यांनी 'परत पाठवा' अशी मोहीम केली. वापरलेली सॅनिटरी नॅपकिन्स, जी पेटंटांच्या थरांनी बनलेली असतात आणि जी यांना उघड्या हातांनी वेगळी करावी लागत होती, ती गोण्यांत भरून त्यांनी बनवणाऱ्या कंपन्यांच्या कार्यालयांत पाठवली. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ सालच्या नियमांत उत्पादकांनी अशा वस्तूंसोबत टाकण्यासाठी पिशवी किंवा वेष्टन द्यावं अशी तरतूद आली. 'स्वच्छ'च्या सभासद त्याआधीपासून जुन्या वर्तमानपत्रांच्या तसल्या पिशव्या बनवतच होत्या.

ती गोणी मला समीक्षा वाटते. वर्णन कुठे थांबलं, कुठलं वाक्य लिहायचं राहिलं, हे तिने दाखवलं, आणि ते लेखकाच्या टेबलावर नेऊन ठेवलं.

पेटंटची पद्धत मोडीत काढा असं मी म्हणत नाही. गुपित उघड करा आणि बदल्यात ठरावीक वर्षं हक्क घ्या, हा सौदा मला वाईट वाटत नाही. जिलेटचा कागद एकशेवीस वर्षांनंतर मला मोबाइलवर फुकट वाचता येतो तो त्या सौद्यामुळेच. माझं म्हणणं एवढंच की हा मजकूर वकील आणि प्रतिस्पर्धी यांच्यावर सोडून देऊ नये. तुमच्या बाथरूममधल्या एखाद्या वस्तूवर पेटंट क्रमांक छापलेला असेल तर तो गूगल पेटंट्सवर टाका. वर्णन सोडा, थेट पहिला दावा वाचा, आणि त्यातलं क्रियापद पकडा. मग बघा, त्या वाक्यात पाणी कुठून येतं आणि वस्तू कुठे जाते.

आमच्या फॉर्ममध्ये यासाठी रकाना नाही. शेवटी 'इतर माहिती' असा एक चौकोन आहे, जो सगळे रिकामा सोडतात. मागच्या दोन अर्जांत मी तिथे दोन ओळी लिहिल्या: हे बंद पडल्यावर कोण आवरणार, आणि त्याला विचारलं आहे का. वकिलांनी त्या ओळी अर्जातून काढल्या, कारण त्यांनी दावा रुंदही होत नाही आणि अरुंदही. तिसऱ्या अर्जात मी त्या पुन्हा लिहिल्या आहेत.